प्रवचनकार नक्की काय म्हणाले?

बातम्यांच्या कचेरीत त्याला सगळे चाळणी म्हणायचे. लोक फोनवर एकमेकांना जे काही पाठवतात, त्यातलं खरं किती आणि थापा किती, हे चाळून काढणं त्याचं काम. घरी मात्र शिंप्यापुढे त्याचं काही चालत नसे. शिंपी म्हणजे त्याचा जोडीदार. दोघं बरीच वर्षं एकत्र राहत होते. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार.

या संसारात तिसरा होता तो एक म्हातारा प्रवचनकार. नुसत्या आवाजापुरता, पण चाळणीला तेवढाही जड जायचा. शिंपी दिवसभर शिवता शिवता त्याची प्रवचनं ऐकायचा. चाळणी काही सांगू लागला की मशीन खडखडतच राहायचं; म्हातारा रंगात आला की शिंप्याचा पाय आपोआप थांबायचा. जेवताना 'आज ते काय छान बोलले' सुरू झालं की चाळणीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"मग त्याच्याशीच संसार थाट," तो एकदा म्हणाला.

"सत्तरीच्या माणसावर कसला जळतोस रे?" शिंपी हसला. तो हसला, याचाच राग जास्त.

मग त्याच्या आवाजाची एक क्लिप फोनवर फिरू लागली. शिंप्याच्या थोरल्या बहिणीने ती पाठवली, खाली लिहिलं, 'ऐक बाळा, तुझे लाडके.' प्रवचनकार स्वच्छ म्हणत होते, "जो पुरुष पुरुषावर प्रेम करतो, त्याला देवाच्या दारात जागा नाही."

शिंप्याने अर्धवट बाही तशीच टाकली आणि आत जाऊन पडला. चाळणीला त्याची दया आली, पण त्याआधी आनंद झाला. "तरी मी सांगत होतो," एवढं त्याने बोलून घेतलंच.

कचेरीत संपादकबाईंनी तीच क्लिप पुढे केली. अनुयायी म्हणत होते, क्लिप बनावट आहे. उलट प्रवचनकार पुरुषा-पुरुषांची लग्नं लावून द्यायलाही तयार आहेत. "दोन्ही दावे तपास," बाई म्हणाल्या. हे माझ्या घरातलं आहे, दुसऱ्याला द्या, असं म्हणणं शोभलं असतं. चाळणीने झडप घालून काम घेतलं.

प्रवचन झालं त्या सभागृहाच्या माइकवाल्याकडून त्याने पूर्ण रेकॉर्डिंग मिळवलं. श्रोत्यांकडे माइक नव्हता. एका बाईंनी खालून काही विचारलं, आणि मागच्यांना ऐकू जावं म्हणून प्रवचनकारांनी त्यांचाच प्रश्न मोठ्याने सांगितला: "या विचारतायत, जो पुरुष पुरुषावर प्रेम करतो, त्याला देवाच्या दारात जागा नाही, असंच ना?" कोणीतरी दोन्ही टोकं कापून मधलं तेवढं ठेवलं होतं. पुढे उत्तर होतं, "देवाचं दार माझ्या मालकीचं नाही. माझं आहे, ते उघडं राहील." लग्नाबद्दल अवाक्षर नव्हतं.

चाळणीने ते पुन्हा पुन्हा ऐकलं. कुठे खवचटपणा, कुठे तिरस्कार सापडतो का, शोधत राहिला. काही हाती लागेना. शेवटी त्याने थेट फोन लावला.

"अशी लग्नं लावाल का?"

"नाही. आमच्या धर्मात ते बसत नाही, असं मी मानतो," प्रवचनकार म्हणाले. "हेही लिहा. आमच्या माणसांनी मला उगाच गोड करून ठेवलंय." मग म्हणाले, "आवाज दमलेला वाटतो तुमचा. जेवलात का?"

चाळणी जेवला नव्हता. म्हाताऱ्याचा आवाज खरंच चांगला होता, आणि तेच त्याला सहन होईना.

त्याने मथळा दिला: 'समलिंगी लग्नाला प्रवचनकारांचा नकार.' बाईंनी भुवई वर केली. "खोटं नाही. पण क्लिपचं काय झालं?"

"खाली आहे."

"पार तळाशी का?"

त्याच्याकडे उत्तर होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. त्याने मथळा बदलला: क्लिप कापलेली, लग्नं लावण्याचा दावाही खोटा.

घरी त्याने शिंप्याला सगळं सांगितलं, पहिल्या मथळ्यासकट.

"लग्न लावणार नाहीत म्हणजे. मनाला लागलं माझ्या ते," शिंपी म्हणाला. "पण दार उघडं म्हणाले?"

"म्हणाले."

शिंप्याने सुटलेला दोरा रिळावर गुंडाळला. "तुला ती क्लिप खरी निघायला हवी होती ना?"

"हो."

"माझी काय अवस्था झाली, ते दिसत होतं तुला?"

"दिसत होतं."

शिंपी उठला आणि अर्धवट राहिलेली बाही शिवायला बसला.

प्रवचनं ऐकणं नंतर कमी झालं, बंद नाही. एकदा तर शिंपी चाळणीलाच प्रवचनाला ओढून घेऊन गेला. "बघ तरी कोणावर जळतोस ते." मंचावर एक बुटका, सारखा चष्मा सावरणारा म्हातारा होता. चाळणी त्याच्याकडे कमी आणि शिंप्याच्या चेहऱ्याकडेच जास्त बघत होता.

"कसे वाटले?" बाहेर पडल्यावर शिंप्याने विचारलं.

"बोलतात बरे," चाळणी नाइलाजाने म्हणाला. मग बस आली, तेव्हा शिंप्याच्या आवडीची खिडकीची जागा त्याने आधी जाऊन स्वतःच बळकावली.