शिरूर ते दौंड, चार दिव्यांच्या ट्रकमधून

मला दौंडचं जंक्शन बघायचं होतं. एवढ्या हौसेवर तो प्रवास ठरला. साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी शिरूरला, आमच्या बोलण्यात घोडनदीला, मिशनच्या शाळेत शिक्षक होतो. वय सव्वीस. नकाशावर छडी ठेवून मुलांना सांगायचो, दौंडहून एक गाडी मनमाडकडे, एक सोलापूरकडे, एक बारामतीला. आणि स्वतः मी तिथं कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं.

एसटीनं जायचं तर मध्ये गाडी बदलावी लागे आणि अख्खा दिवस मोडे. पण माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान भास्करदाजी, यांचा जुना पेट्रोलचा ट्रक होता. होळीनंतर कांदा निघाला की पोती भरून ते दौंडच्या मालधक्क्यावर नेत. शाळेला तीन दिवसांची सुट्टी लागली तेव्हा मी म्हणालो, "दाजी, या खेपेला मी येतो."

"या की मास्तर. पण आधी एक काम करा," म्हणाले आणि एक इंग्रजी पुस्तिका माझ्या हातात दिली. मोटारींच्या नियमांची होती.

काम असं होतं. ट्रकचे मूळचे दिवे पार मंदावलेले होते. अंधार पडला की दहा पावलांपुढचा खड्डा दिसत नसे, आणि त्या काळी निम्म्या बैलगाड्यांना मागं कंदीलही नसायचा. दोनदा दाजींचा ट्रक गाडीवर आदळता आदळता राहिला होता. म्हणून त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून लष्करी भंगारातले दोन मोठे दिवे आणून बंपरवर बसवले होते. परातीएवढे. त्यांची हौस नव्हती ती, गरज होती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून दाजी तुम्हाला वाईट वाटतील.

"हे कायद्यात बसतं का, बघा."

मी वाचलं. समोरून कुणी आलं की दिव्याचा झोत खाली करता आला पाहिजे, असं लिहिलेलं होतं. गाडीत काही बदल केला तर तो कळवायचा, असंही होतं. मूळच्या दिव्यांना पायाखाली डिपरचं बटण होतं. नव्या दिव्यांना नुसती खटका दाबून चालू-बंद करायची सोय होती, झोत खाली होत नव्हता. मला हे स्वच्छ कळलं होतं.

"म्हणजे लावायचे न्हाईत?" दाजींनी विचारलं.

"तसं थेट लिहिलेलं नाही," मी म्हणालो. "समोरून गाडी आली की बंद करा म्हणजे झालं."

मला दौंडला जायचं होतं.

दुपारी दोनला निघालो. या वाटेनं आज जाणाऱ्यांना ती वाट ओळखता येणार नाही. न्हावऱ्यापर्यंत खडी, पुढे नुसती धूळ. केबिनची काच बंद ठेवली तर घाम, उघडली तर तोंडात माती. न्हावऱ्याला फाट्यावर एका आप्पांचं चहाचं छप्पर होतं. दहा पैशांत गुळाचा चहा आणि वर पाण्याचा तांब्या. त्यांनी ट्रकला एक फेरी मारून पुढचे दिवे बघितले.

"भास्करराव, हे काय विमान उतरवताय व्हय?"

दाजी खूष होऊन हसले. मीही हसलो.

भीमेला पाणी उतरलेलं होतं. आम्ही पात्रातूनच पलीकडे गेलो. गावकऱ्यांनी दगड आणि झावळ्या टाकून चाकोरी केली होती. मधोमध गाडी रुतली तेव्हा मी उतरून, धोतर खोचून, मागून खांदा लावला. गार पाणी, काठावर कलिंगडाचे वेल, पलीकडे धुणं धुणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. त्या अर्ध्या तासात मला वाटलं, प्रवास म्हणतात तो हाच. अजूनही वाटतं. त्या दिवसातलं तेवढंच मला विनासंकोच आठवता येतं.

पाटसला पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. तेव्हा तिथं साखर कारखाना नव्हता, बसथांब्याजवळ चार दुकानं आणि एक खानावळ. भाकरी, शेंगांची आमटी, कांदा, पोटभर जेवलो. तिथून दौंड फक्त एका टप्प्यावर. रस्ता डांबरी पण एका गाडीपुरता. दोन गाड्या समोरासमोर आल्या की दोघांनी एकेक चाक खाली घ्यायचं.

अंधारून आलं. दाजींनी खटका दाबला आणि रस्ता चुन्यानं सारवल्यासारखा पांढरा झाला. बाभळीचा काटा न् काटा दिसत होता. "बघा मास्तर," ते म्हणाले, "आता कशाला काय आडवं येतंय."

एक सायकल येत होती. तिचा लहानसा दिवा मला दुरूनच दिसला, दाजींनाही दिसला असणार. मी वाट बघत होतो की ते आता खटका बंद करतील. "दाजी, दिवे," असं मी म्हणणार होतो. सायकलवाल्यासाठी कोण दिवे बंद करतं, असंही मनात आलं. माणूस झोतात आला तेव्हा त्यानं एक हात उचलून डोळ्यांपुढे धरला. दुसऱ्या हातानं हँडल धरलेलं. तिथं एक मोरी होती, तिला कठडा नव्हता. आम्ही जवळून गेलो तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं.

"बाजूला झाला," दाजी म्हणाले.

"पडला तो. थांबवा."

"आपला धक्का लागलेला न्हाई."

"दाजी, थांबवा."

त्यांनी थांबवलं. तेवढं श्रेय त्यांच्या पदरात घालायला हवं; दुसरा कुणी असता तर न थांबता गेला असता.

मोरीखाली कोरड्या ओढ्यात तो पडला होता. सोपान खरात त्याचं नाव, रेल्वेच्या इंजिनावर फायरमन. तिशीतला माणूस. पाय गुडघ्याखाली भलतीकडे वळला होता. आम्ही त्याला उचलून कांद्याच्या पोत्यांवर निजवलं. त्याचं डोकं मी मांडीवर घेतलं. तो शुद्धीवर होता आणि वाटेत एकच बोलत होता, "रस्त्याची कडाच दिसंना हो. चार दिवे व्हते. चार."

दौंडचं जंक्शन मी असं पाहिलं. दवाखान्याच्या ओट्यावर बसून, रुळांच्या पलीकडे शंटिंग करणारी इंजिनं आणि धुराचा लोट. मुलांना सांगायला ते पुरेसं होतं.

सकाळी मालधक्क्यावर गेलो तेव्हा पोती उतरवलेली होती आणि ट्रकच्या बंपरवर दोन मोकळी भोकं होती. मी दाजींकडे बघितलं. ते तोंड धूत होते. वर न बघता म्हणाले, "आक्काला दोन लेकरं हायेत. ध्यानात ठिवा."

हवालदार आले, पंचनामा झाला. पुण्याहून मोटारी तपासणारे साहेब दुसऱ्या दिवशी यायचे होते, तोवर ट्रक अडकून राहिला. स्टेशनसमोरच्या धर्मशाळेत आम्ही ती रात्र काढली. दाजी जेवले नाहीत. एकदा म्हणाले, "तो मेला असता तर मी खरं सांगितलं असतं." हे त्यांना खरंच वाटत होतं.

साहेब चांगले होते. हे सांगणं भाग आहे, कारण अशा गोष्टीत साहेब लोक नालायक असले की आपल्याला बरं पडतं. ते वाकून ट्रकखाली गेले, ब्रेक बघितले, दाजींना दिवे लावायला सांगून स्वतः समोर जाऊन उभे राहिले, डिपर मारायला लावला. मग बंपरवर बोट ठेवलं.

"ही भोकं कसली?"

"फळी बसवली व्हती साहेब, धक्क्याला लागू नये म्हणून."

"जखमी माणूस चार दिवे म्हणतोय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही शिक्षक ना? तुम्ही गाडीत होता. तुम्ही सांगा."

मला अजून आठवतं, त्यांनी पेनाचं टोपण काढून हात थांबवला होता. मी जे बोलेन तेच लिहायची त्यांची तयारी होती.

"फळीच होती," मी म्हणालो. "दिवे दोनच."

"पडल्यावर माणसाला चारच दिसायचे," हवालदार हसले. साहेब हसले नाहीत, पण लिहिलं.

निघण्याआधी मी दवाखान्यात गेलो. सोपानचा पाय प्लास्टरमध्ये होता. बायको उशाशी बसली होती. तिनं मला बघून डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाली, "तुमी थांबला म्हणून घावलं माणूस, मास्तर. न्हाई तर सकाळपत्तोर वढ्यात पडून असतं."

सोपाननं मात्र मला जवळ बोलावलं. "हवालदार म्हनतो दोनच दिवे व्हते. तुमी गाडीत बसला व्हता. खरं सांगा, चार व्हते का दोन?"

त्याच्या बायकोसमोर, त्याच्या डोळ्यांत बघत मी म्हणालो, "दोन."

त्यानं नजर छताकडे वळवली. "मंग माझीच नजर फसली म्हनायची."

परतीचा रस्ता तोच, पण मला त्यातलं काहीही आठवत नाही. घोडनदीला पोचल्यावर दाजी म्हणाले, "सुटलो." आठवडाभरात दिवे पुन्हा बंपरवर चढले. नवीन नट आणले होते, घट्ट. संध्याकाळी त्यांनी मला अंगणात ट्रकसमोर उभं केलं, दिवे जरा खाली वाकवलेत, डोळ्यांवर येतात का सांगा म्हणाले. मला पुढचं काही दिसत नव्हतं. ते पुन्हा म्हणाले, "येतंय का?" आणि मी म्हणालो, "नाही."

पावसाळा संपल्यावर मी एकटा दौंडला गेलो, एसटीनं. दीड रुपयाच्या आसपास भाडं, दोन गाड्या, शेवटच्या टप्प्यात उभ्यानं. सोपान मला इंजिनच्या शेडमध्ये सापडेल असं वाटलं होतं. तो सापडला कोळशाच्या ढिगावर, फावडं घेऊन. पाय थोडा ओढत होता, पण बरा झाला होता.

"इंजिनावर घेत नाहीत का?" मी विचारलं.

"घेत व्हते की. डागदरानं पास केलं. डोळं चांगलं हायेत म्हनला." त्यानं फावडं टेकवलं. "मीच नगं म्हनलो. ड्रायव्हर एका अंगाचा सिग्नल बघतो, दुसऱ्या अंगाचा फायरमननं सांगायचा असतो. मागं सातशे मानसं असत्यात. ज्याला दोनाचे चार दिसत्यात, त्यानं काय सांगायचं?"

तेव्हा मी त्याला सांगितलं. सगळं, भोकं, फळी, साहेबांचं पेन. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "मंग चारच व्हते."

"हो."

"मला ठाव व्हतं," तो म्हणाला. मग खाली बसला, काळे हात डोळ्यांवर ठेवून. तसाच बसून म्हणाला, "लिहून द्या, मास्तर. शेडच्या सायबाला दावतो, परत इंजिनावर घ्या म्हनून. आता नुसतं माझ्या तोंडाचं कोन ऐकनार?"

माझ्या पिशवीत कागद होता, खिशात पेन होतं. मी म्हणालो, "घरी गेल्यावर नीट लिहितो, टपालानं पाठवतो."

त्यानं मला पत्ता सांगितला. दोनदा. मी बरोबर लिहून घेतला का, याची खात्री, त्याला वाचता येत नसतानाही, त्यानं कागदाकडे बघून करून घेतली.

दौंडला जायचं असेल तर जरूर जा. भीमेवर आता पूल आहेत, रस्ते रुंद आहेत, जेवण चांगलं मिळतं. अंधारातून जात असाल तर समोरचे पांढरे, निळे दिवे डोळ्यांत घुसतील. दुकानात बसवून मिळतात, आणि बसवणारा प्रत्येकजण मला रस्ता दिसत नव्हता असंच सांगतो. खोटं नसतं ते. आपल्याला रस्ता दिसावा म्हणून समोरच्याचा रस्ता पुसायचा, एवढंच त्यात असतं, आणि नियमांच्या पुस्तकात ते त्या काळीही लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं.

पत्र मी लिहिलं. दोन पानी झालं, तारीख घातली, खाली सही केली. पाकिटात घालण्याआधी आक्का आली. तिनं उभ्यानंच ते वाचलं. खोटी साक्ष दिल्याची कबुली होती त्यात. दाजी तुरुंगात गेले असते, माझी नोकरी गेली असती. मला वाटलं, ही आता रडेल, पाया पडेल, कागद हिसकावून घेईल. तिनं तो घडी करून परत टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "तुला जे योग्य वाटेल ते कर." मग आत जाऊन लेकरांना वाढायला बसली.

कागद आक्कानं फाडला नाही. तो मी फाडला.