आईच्या डब्याची आयात

सोळा जून, रविवार, दोन वर्षांपूर्वी. कोल्हारच्या आमच्या अंगणात आई, धाकटा भाऊ दत्ता आणि मी. आईने ओटीत पाचशे एक रुपये घातले आणि दत्ताने माझी बॅग कांदा मोजायच्या काट्यावर चढवली. चोवीस किलो तीनशे. विमानाला तेवीसच चालतात. नारळ निघाला, पापड निघाले, एक साडी निघाली. शेंगदाण्याच्या चटणीचा स्टीलचा डबा मात्र आईने काढू दिला नाही. झाकणावर तिचं नाव कोरलेलं आहे.

"डबा माघारी दे बरं का," ती म्हणाली. "माझ्या लग्नातला सहाचा संच हाय. अन् रिकामा धाडू नको."

रिकामं भांडं परत करायचं नाही, हे आमच्याकडे खरं तर सांगावं लागत नाही. शेजारणीची वाटीसुद्धा चिमूटभर साखर घालूनच परत जाते.

त्याआधी मी सुप्याच्या एका कारखान्यात हिशेब बघत होते. शनिवारी एसटीने घरी यायचे. तेव्हाही आईचे डबे भरून जात आणि भरून येत. त्याचं वेगळं भाडं कधी पडलं नाही. आता नवऱ्याच्या नोकरीमुळे नेदरलँडला असते, भाजीपाल्याच्या वेअरहाऊसमध्ये इनव्हॉइस करते.

यंदा वैशाखात दत्ताच्या मुलीचं लग्न ठरलं. आम्हाला रजा मिळाली नाही, आणि आईने तो संच नातीला द्यायचं ठरवलेलं. दर फोनला एकच: "पाच डबे कसे देऊ गं पोरीला?"

म्हणून कुरिअर. अठ्ठावन्न युरो. डब्यात बदाम आणि चॉकलेट भरलं. फॉर्मवर डब्याची किंमत शून्य लिहिली, ती संगणकाने घेतली नाही, मग पंधरा युरो लिहिले. बदाम आणि चॉकलेटही वजनासकट लिहिलं. इथली एक मराठी मैत्रीण म्हणाली, "अगं, जुनं भांडं एवढंच लिही आणि मोकळी हो. कोण उघडून बघतंय?" वीस वर्षांत मी एक खोटं व्हाउचर केलेलं नाही. आईच्या डब्यापासून सुरुवात कशाला?

पाचव्या दिवशी कुरिअर कंपनीचा मेल आला. पार्सल भारतातल्या कस्टममध्ये अडकलं होतं. खाण्याची वस्तू आहे, तिची कागदपत्रं द्या, नाहीतर ती नष्ट करायला संमती द्या. शिवाय आयातदाराचं आधार कार्ड पाठवा. आयातदार म्हणजे माझी आई, जी पुण्याच्या पुढे कधी गेलेली नाही. दत्ताने फोनवर ऐकलं आणि तिकडेच ओरडला, "आयातदारीणबाई, चहा टाका!"

मला हसू आलं नाही. खरं लिहिलं म्हणूनच अडकलं, हे डोक्यातून जात नव्हतं. बदामाची कागदपत्रं आणायची कुठून? मी चार मेल लिहिले. चारही वेळा तेच उत्तर आलं. गोदामाचं भाडं रोज चढत होतं आणि लग्न अकरा दिवसांवर आलं होतं.

"ताई, सोड की," दत्ता म्हणाला. "नवा डबा साडेतीनशेला मिळतो हितं."

मागून आईचा आवाज आला, "त्याच्यावर माझं नाव हाय व्हय?"

मी संमतीवर सही केली. म्हणजे आईचा डबा रिकामा पाठवायला मीच परवानगी दिली. त्या सहीचा राग अजून गेलेला नाही. पैशांपेक्षा जास्त तोच आहे.

कोल्हारला घरपोच देता येणार नाही, असं कळलं, म्हणून दत्ता मोटरसायकलवर नगरला जाऊन डबा घेऊन आला. संध्याकाळी आईचा फोन.

"डबा आला. साखर घालून दिलीस."

मी साखर घातलेली नव्हती.

"तुमच्याकडची न्हाई ती," आई म्हणाली. "आपल्या हितल्या साखर कारखान्याची हाय. दाना वळखते मी. पर दत्ताला बोलू नको. दाराशी येऊन म्हनला, ताईनं धाडली."

मग तिने सहा डबे ओळीने मांडून मला व्हिडिओवर दाखवले. माझ्या डब्याला कडेला पोचा आलाय, तोही दाखवला.

तिकडे मी पाठवते ते सगळं आता आयात आहे, माझ्या हाताने भरलेला डबासुद्धा. माझ्या नावाने कुणीतरी त्यात साखर घालतं, तेवढं घर माझं उरलंय.

दिलेले पैसे असे. कुरिअर कंपनीला कर सहाशे चाळीस, क्लिअरन्स फी साडेबाराशे, नऊ दिवसांचं गोदामभाडं साडेतेराशे, बदाम-चॉकलेट नष्ट करण्याचे सहाशे, आणि कर सोडून बाकी तीन आकारांवर जीएसटी पाचशे शहात्तर. एकूण चार हजार चारशे सोळा, मी भरले. कोल्हारच्या किराणा दुकानदाराला अर्धा किलो साखरेचे बावीस रुपये, दत्ताने दिले. ते मी त्याला काही न बोलता दोनदा पाठवले. दोन्ही वेळा त्याने परत केले.