ठिपक्याचा ठोकळा

मला एक सांगा, विश्वास ठेवावा तरी कुणावर? गवंड्यावर, गिऱ्हाइकावर की स्वतःवर? मी स्वतःवर ठेवला, आणि त्याचा दंड म्हणून बोदवडच्या बाजारात अजून सगळ्यांच्या चहाचे पैसे मीच देतो.

तेव्हा माझं सिमेंटचं दुकान होतं. माल कधी यायचा, कधी महिनाभर नाही. कंटाळून मी भुसावळकडच्या वीज केंद्राची राख आणली, वेल्डिंगवाल्यांनी फेकलेला कार्बाइडचा पांढरा चुना आणला आणि बिनसिमेंटचे ठोकळे पाडायला बसलो. शिकलो कुणाकडून? कुणाकडूनच नाही. आमचे आबा मिस्तरी रोज ठोकळ्यांवर पाणी मारायचे आणि म्हणायचे, महिनाभर दम धरा. साठवलेलं सगळं त्या राखेत गेलेलं. दम कुठून धरणार?

त्यात नानांचा निरोप आला. नाना म्हणजे शेजारच्या गावच्या शाळा समितीचे अध्यक्ष. दोन खोल्या बांधायच्या होत्या. ठोकळा पसंत पडला तर सगळा माल उचलणार होते. नाही पडला, तर माझं दुकान उठणार होतं.

माझा धीर सुटला. आबांना न सांगता एका ठोकळ्यात सिमेंट घातलं. बरं, लबाडी करायची तर नीट तरी करावी ना? पण नवी गोणी फोडायला जीव होईना. पावसाळ्यात ओल लागलेली एक गोणी कोपऱ्यात पडली होती, तिच्यातल्या गाठी चाळून तेच वापरलं. ओळखू यावा म्हणून वर चुन्याचा ठिपका दिला, आणि कशात काय घातलं ते लिहायच्या वहीत मात्र 'निव्वळ राख' लिहिलं.

महिन्याने नाना आले, चहा प्यायले आणि नेमका साधा राखेचा ठोकळा उचलला. मी धावलो. तो राहू द्या, हा बघा, म्हणत ठिपक्याचा पुढे केला. नानांनी आधी ठोकळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आबांना दोन्ही ओट्यावरून खाली टाकायला सांगितले.

ठिपक्याच्या ठोकळ्याचे तीन तुकडे झाले. भुगा नानांच्या धोतरावर उडाला.

राखेच्या वेळी मी डोळेच मिटले. धप्प आवाज आला. उघडून बघतो तर साधा टवकाही उडालेला नाही.

"दोन्ही एकाच मालाचे ना, शेठ?" नानांनी विचारलं.

आता बोला. हो म्हणावं तर सगळा माल बाद, नाही म्हणावं तर लबाडी उघडी. आबांनी वाकून एक तुकडा उचलला, त्यातली सिमेंटची गाठ नखाने उकरली.

"नाना, फुटना त्यामा शेठना दुकाननं सिमेंट शे," ते शांतपणे म्हणाले. "टिकना त्यामा बठ्ठी राख शे." म्हणजे फुटला त्यात माझ्याच दुकानचं सिमेंट, टिकला त्यात सगळी राख.

नानांनी सगळे ठोकळे नेले. शाळेला भेग नाही. पण त्या आठवड्यापासून सिमेंटचं गिऱ्हाईक माझ्या गोण्यांकडे बघून म्हणायचं, "शेठ, त्यापेक्षा राखच द्या ना." दुकान शेवटी उठलंच, फक्त सिमेंटचं.

माझ्या वहीत त्या ठिपक्याच्या ठोकळ्यापुढे अजून 'निव्वळ राख' असं लिहिलेलं आहे. आबा भेटले की ते पान मला मोठ्याने वाचायला लावतात. आता थकलो वाचून. तेव्हा तुम्ही तरी कशात काय घातलं ते वहीत खरं लिहा. लबाडी केलीत, तर तीसुद्धा.