मुकाशच्या लेकीने वाढलेलं पान

चीनचे रूळ अरुंद, इकडचे रुंद. म्हणून कझाक हद्दीतल्या दोस्तिक स्टेशनात मालगाडीचे डबे उचलून चाकं बदलतात. ओरिनशा तिथल्या खानावळीत तीस वर्षं रांधत होती. चिनी ड्रायव्हर जेवताना काय बोलतात ते तिला सगळं कळायचं, पण तिने कधी अवाक्षर काढलं नाही.

तिचा बाप मुकाश कझाकच, पण जन्मला सरहद्दीपलीकडे. बासष्ट साली दोन वर्षांच्या लेकीला घोड्यावर पुढ्यात घेऊन तो इकडे आला. तेव्हा त्याची चिनी भाषा कामाची होती. सरहद्दीवर बोलणी निघाली की शिपाई त्याला दुभाष्या म्हणून नेत, चहा पाजत. हा मुलूख तेव्हा मॉस्कोच्या राज्यात होता, आणि पुढे मॉस्को नि पेकिंगचं पुरतं बिनसलं. मोठी राज्यं सोयरिकी जोडतात नि मोडतात, भोगतं मात्र गाव. एकोणसत्तरच्या ऑगस्टात जवळच्या टेकाडावर गोळीबार झाला आणि आठवड्याभरात मुकाशला नेलं. कुणीतरी लिहून दिलं होतं, की तो घरात चिनी बोलतो, पोरीलाही शिकवतो, हेर आहे. चार वर्षांनी तो परत आला तो रक्त ओकत. बर्फ वितळायच्या आत गेला.

त्र्याण्णव साली सरकारने त्याला निर्दोष ठरवलं. ओरिनशाने जिल्ह्याला जाऊन कागद पाहिले. चुगलीच्या पत्राखाली सही होती कायिरकेनची. एकोणसत्तर साली तो स्टेशनात कारकून होता आणि मुकाशची दोन खोल्यांची क्वार्टर त्यालाच मिळाली होती.

आईने तिला शपथ घातली. "मी जिती आहे तोवर तोंड उघडायचं नाही. याच गावात राहायचंय आपल्याला. वरचा बघतोय."

आई गेल्या हिवाळ्यात गेली. आता चीनशी पुन्हा गूळपीठ जमलंय. लढाईपायी रशियाची वाट अडली तसा माल इकडून वाहू लागला, दोन्हीकडची सैन्यंसुद्धा एकत्र सराव करतात. आणि गावच्या चीन-मैत्री संघाचे अध्यक्ष कोण, तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे कायिरकेन.

"या म्हाताऱ्याची चाकं डब्यांच्याही आधी बदलतात," भांडी घासणारी साउले म्हणायची.

त्या दिवशी चीनहून रेल्वेचे साहेब यायचे होते. स्टेशनमास्तर दाउरेन सकाळीच चुलीपाशी आला. "आपा, मेंढ्याचं डोकं कायिरकेन आजोबांपुढेच ठेवायचं. पाहुण्यांचाच तसा आग्रह आहे. वयाचा मान."

"ठेवते की. त्यांचं पान मी स्वतः वाढीन."

मानाच्या माणसापुढे डोकं ठेवताना खालचा जबडा आधी काढून टाकतात. तो कुणा भल्या माणसाला वाढत नाहीत. ओरिनशाने जबडा काढला. मग डोकं चिनी साहेबांपुढे ठेवलं आणि जबडा तेवढा, एकटा, मोठ्या ताटात कायिरकेनपुढे.

पंगतीच्या माना त्या ताटाकडे वळल्या. दाउरेनचा चेहरा उतरला. "आपा, ताटं बदलली वाटतं?"

"नाही रे बाबा."

पाहुण्यांबरोबर आलेली दुभाषी मुलगी फोन घ्यायला बाहेर गेली होती. थोरल्या साहेबाने ताटाकडे बोट करून आपल्या भाषेत विचारलं, या आजोबांना नुसतं हाड का?

ओरिनशाने एप्रनला हात पुसले आणि चिनीत उत्तर दिलं. आधी जीभ अडखळली, मग सुटली. बापाचं नाव, पत्र, चार वर्षं, रक्त, क्वार्टर, सगळं सांगितलं. कायिरकेनला त्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. आपलीच ओळख करून देतेय असं वाटून तो हसतमुखाने मान डोलवत राहिला. शेवटी त्याने टाळीही वाजवली.

साहेबाने हातातली सुरी खाली ठेवली.

"आपा, तुम्हाला चिनी येतं?" दाउरेन म्हणाला. "काय सांगितलंत?"

"आता आपल्या बोलीत सांगते. यांनाही कळू दे." आणि तिने तेच पहिल्यापासून सांगितलं, आवाज न चढवता.

कायिरकेनच्या टाळीचे हात तसेच राहिले. "ओरिनशा, बाळ, तेव्हा काळच तसा होता."

"काळाला लिहिता येत नाही, कायिरकेन. पत्र तुझ्या हातचं होतं." आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला अरे-तुरे केलं. "माझा बाप ज्या भाषेपायी मेला ती मी आत्ता बोलले. तू टाळी वाजवलीस. खा आता."

कुणी घास उचलला नाही. बऱ्याच वेळाने, सवयीनेच म्हणा, म्हाताऱ्याने जेवणानंतरचा आशीर्वाद द्यायला ओंजळ उघडली. अशा वेळी सगळी पंगत ओंजळ पुढे करते. एकही हात मांडीवरून हलला नाही. दाउरेन खिडकीकडे बघत होता. पाहुण्यांतला एक तरुण रीत म्हणून हात पुढे करू लागला, तर थोरल्या साहेबाने त्याचं मनगट धरलं.

कायिरकेन दोन ओळी पुटपुटला. "आमीन" कुणीच म्हटलं नाही. तो काठी शोधत उठला. त्याला दारापर्यंत सोडायलाही कुणी गेलं नाही.

"आपा, नोकरी जाईल तुमची," साउले कुजबुजली.

"जाऊ दे की."

तिने जबडा कुत्र्यांना टाकला आणि ताट तीन पाण्यांनी धुतलं. संध्याकाळच्या नमाजात तिने नेहमीसारखी दिवसभरातल्या चुकांची एकेक करून माफी मागितली. ही मात्र त्यांत धरली नाही.