ठरलंकाका आणि दाराआडचा तांब्या

समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबणं आमच्या मोठ्या काकांना जन्मात जमलं नाही. माणूस 'काका, पोरीचं स्थळ...' एवढंच म्हणायचा, की काका मांडीवर थाप मारून सांगायचे, 'ठरलं.' काय ठरलं ते त्या बिचाऱ्याला घरी गेल्यावर कळायचं. गाव त्यांना ठरलंकाका म्हणायचं आणि काकांना ती पदवी वाटायची.

आखाडा बाळापूरच्या अलीकडे आमचं गाव. शेती थोडी, मेंढरं बरीच. नव्वदच्या दशकात भावकीचे सगळे निकाल काकांच्या ओसरीवर लागायचे. मेंढरं कोणाच्या रानात बसवायची, कोणाचं लग्न कुठं करायचं, कोणाला अक्कल कमी आहे, सगळं. बायका दाराआड. थोरांपुढं बोलायचं नाही ही रीत काकूंनी इतकी पाळली, की त्यांचा आवाज कसा आहे हे भावकीतल्या निम्म्यांना सांगता आलं नसतं. कधीकधी आतून तांब्या जरा जोरात ठेवल्याचा आवाज तेवढा यायचा. मग काका खाकरून म्हणायचे, 'तसं न्हाई, असं करा. ठरलं.' आम्ही त्याला काकांची दूरदृष्टी समजायचो.

पुढं काही वर्षांनी काकूंच्या मेंदूत रक्तस्राव झाला. नांदेडच्या दवाखान्यात त्यांना श्वासाचं मशीन लावलं. काही दिवसांनी डॉक्टर म्हणाले, मेंदू आता सावरणार नाही, मशीन ठेवायचं की काढायचं ते घरच्यांनी ठरवा. झालं, भावकी जीप भरून आली. ज्यांनी काकूंना कधी पाणी विचारलं नव्हतं, ते त्यांच्या प्राणाचे मालक झाले. दिवाळीलाही न येणारा पुण्याचा चुलतभाऊ फोनवरून म्हणाला, काही कमी पडू देऊ नका. काकूंच्या भावाला लोक काय म्हणतील याची काळजी लागली. एकानं स्वतःच्या बैलाच्या आजारपणाचा दाखला दिला. काकूंना काय हवं असेल, एवढं सोडून सगळं बोलून झालं.

शेवटी सगळे काकांकडे वळले. 'मशीन चालू ठिवा. ठरलं,' काका म्हणाले आणि काकूंना ठेवलं होतं त्या खोलीच्या दाराकडे बघायला लागले. बघतच राहिले. हा माणूस तांब्याच्या आवाजाची वाट बघतोय, हे मला तेव्हा उमगलं. आमच्या या सिंहानं एकही निकाल कधी एकट्यानं दिलेला नव्हता. हसू यायला हवं होतं, पण माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात मागं कोणीतरी जेवणाचा डबा फरशीवर आदळला. काकांची थोरली सून, सुमनवहिनी, पदर सावरत भिंतीला टेकून उभी होती. काका दचकून वळले.

'काहून गं? बोल,' ते म्हणाले.

'आत्याबाई म्हणल्या व्हत्या, मला नळ्या लावून ठिवू नका. माह्या घरी जाऊ द्या.' सासूला ती आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामा.

'तुला सांगितलं. मला काहून न्हाई?'

'तुमी इचारलं न्हाई, मामा.'

सुनेनं मधे पडू नये, असं सांगायला कोणीतरी तोंड उघडलं. काकांनी नुसता हात वर केला आणि उठून डॉक्टरांकडे गेले. 'ठरलं' म्हणाले नाहीत. काकूंना घरी आणलं. ज्या ओसरीवर त्या कधी बसल्या नव्हत्या, तिथं काकांच्या मांडीवर डोकं ठेवून त्या दुपारी गेल्या.

त्यानंतर वहिनी ओसरीवर बसायला लागली. काका मांडीवर थाप मारण्याआधी तिला विचारायचे. म्हातारा सुनेच्या ताटाखालचं मांजर झाला, असा शोध भावकीनं लावला.

मी त्यांना शेवटचा भेटलो तेव्हा त्यांचे पाय सुजले होते. म्हणाले, 'माह्या वेळंला बी भावकी जीप भरून येईन. येऊ दे, चहा पाज. इचारायचं मातर सुमनला. तिला समदं सांगून ठिवलंय.'

काय सांगितलंय, असं मी विचारलं.

'तुला काय करायचं? ठरलंय ते,' काका म्हणाले आणि सवयीनं दाराकडे बघितलं. मीही बघितलं. आतून तांब्या वाजला नाही.