एक जूनचं लेकरू

शाळा सुरू होण्याचे ते दिवस आठवतात का कोणाला? व्हरांड्यात टेबल टाकून मी पहिलीचे प्रवेश लिहायचे आणि पुढे आयांची रांग… कडेवर एक, हाताला एक.

बारा वर्षांपूर्वी अशाच रांगेत गयाबाई उभी होती. (नाव बदललंय. मुलाचं तर लिहीतच नाही, कायद्यानेही लिहायचं नसतं.) तिची मोठी मुलगी दुसरीत होती आणि धाकट्याला तिच्यासोबत शाळेत बसवायचं होतं.

मी जन्मतारीख विचारली. "ऊस तोडाया गेलतो बाई, तितंच झाला. संक्रांत झाली अन् चार दिसांनी." म्हणजे पोरगं साडेपाच वर्षांचंही नव्हतं, आणि पहिलीला सहा पूर्ण लागायची.

"लिवा की तुमच्या मनानं. घरी कोन हाय त्याला बघाया?"

मी लिहिलं… एक जून, जन्माच्या आदल्या सालचा. आमच्याकडे ज्याची तारीख माहीत नाही किंवा नियमात बसत नाही, तो एक जूनला जन्मतो. सगळे गुरुजी तेच लिहायचे. मीही शेकडो वेळा लिहिलं.

यंदा ऑगस्टमध्ये गयाबाई सकाळीच माझ्या दारात. मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर पोरांची मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं. पोलिसांनी धरलेल्यांत तिचा हा मुलगा होता.

शाळेच्या दाखल्यावर त्याचं वय अठरा वर्षं दोन महिने, म्हणून रवानगी मोठ्यांच्या जेलमध्ये. खरं वय सतरा वर्षं सात महिने. म्हणजे त्याला बाल न्याय मंडळासमोर न्यायला हवं होतं. भेटीत तो म्हणे आईचा पदर धरून ठेवावा तशी जाळी धरून उभा राहिला.

"त्याला तुमीच मोठं केलं बाई," ती म्हणाली. रागावून नाही. "आता तुमीच ल्हान करा."

चहा ठेवते म्हणून मी आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहिले.

सरकारकडून मिळालेले तिचे वकील अगदी तरुण. ते म्हणाले, हाडांच्या तपासणीत सात महिन्यांचा फरक कळत नाही. कोर्ट शाळेची नोंदच धरणार. पण ज्यांनी ती नोंद केली त्यांनीच ती अंदाजे होती असं सांगितलं, आणि काही पुरावा असला तर…

पुरावा होता. मी शिकले सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्ये. तिथे प्रार्थनेनंतर प्रत्येकीचा वाढदिवस व्हायचा, सिस्टर कपाळावर हात ठेवायच्या. माझ्या वर्गातल्या साऱ्या मुलांना एकच वाढदिवस द्यायचा, हे मला कधी सहन झालं नाही. म्हणून रजिस्टरमध्ये एक जून लिहिला तरी मुलाची आई काय म्हणाली ते मी माझ्या वहीत उतरवून ठेवायचे आणि त्या सुमाराला त्या मुलाला संत्र्याची गोळी द्यायचे. गयाबाईच्या मुलाचं पान सापडलं. "संक्रांतीनंतर चार दिवस, उसाच्या फडात."

त्याच आठवड्यात विधिमंडळाची एक समिती जिल्ह्यात आली होती. अल्पवयीन मुलांच्या कोठडीचे नियम पाळले जातात का, कायद्यात काय बदल हवेत, हे तपासायला. वकील म्हणाले, मॅडम, तिथेही सांगा.

विश्रामगृहाच्या मोठ्या खोलीत मी वही घेऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. एक सदस्य चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे तुम्ही शासकीय रजिस्टरमध्ये खोटी नोंद केली?"

"हो," मी म्हणाले.

तेव्हा अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचे, खुर्चीत पुढे सरकले. "थांबा हो जरा. या खोलीत एक जूनवाले किती हायेत? हात वर करा."

आधी टिपणं घेणारा लिपिक. मग पोलीस अधिकारी. मग चहा देणारे मामा, ट्रे सांभाळत. दोन सदस्य… आणि शेवटी ते चष्मेवाले, अर्धाच हात.

अध्यक्षांनी स्वतःचाही वर केला. "आमी तिघं भाऊ, तिघंबी एक जून. आमची माय तारीख लई पाळायची."

खोलीभर हसू झालं. मग ते हसायचे थांबले आणि पोलीस अधिकाऱ्यांकडे वळले. "साहेब, तुमची स्वतःची तारीख खोटी. तरी पोराचा एक जून बघून तुमाला शंका आली न्हाई?"

कोर्टाचं काम समितीच्या हातात नसतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण दुसऱ्या कागदाच्या पुराव्याशिवाय नुसता एक जून दिसला तर जेलआधी वयाची चौकशी व्हावी, हे अहवालात येईल म्हणाले. कायद्यात येतं का, बघू.

कोर्टात माझा जबाब झाला, वही पाहिली गेली. एकोणीस दिवसांनी मुलगा मंडळासमोर आला आणि गेल्या गुरुवारी आईच्या हमीवर घरी. केस अजून आहे, आणि ज्याचं डोकं फुटलं त्यालाही न्याय मिळायलाच हवा. पण मी त्या दिवशी दुपारी तीन तास झोपले… कित्येक दिवसांनी.

आता वह्यांबद्दल, म्हणजे घोळ नको. एकूण पाच आहेत. कोर्टातली परत मिळाली की ती केस संपेपर्यंत वकिलांकडे राहील. बाकी चार माझ्या मुलीकडे दिल्या आहेत.

माझ्या वर्गात शिकलेल्या कोणालाही आपल्या पानाची झेरॉक्स तिच्याकडून मिळेल, पान फाडून कोणाला द्यायचं नाही. आणि कोणाची आई मागायला आली तर तिला आधी द्यावी… सांगितलेलं तिचंच आहे.