सारणीखालची सही

मोघेसाहेबांची आणि माझी पहिली भेट माझ्या फजितीनेच झाली. ग्वाल्हेरच्या आमच्या कचेरीत नद्यांच्या पुराची गणितं होत आणि श्री. प्रभाकरराव मोघे तिथल्या संगणक विभागाचे प्रमुख होते. प्रोग्रॅम देतो ती उत्तरं खरी आहेत का, हे तपासणं त्यांचं काम. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कोनाचा साइन, म्हणजे त्रिकोणमितीतलं गुणोत्तर, काढणारा प्रोग्रॅम तपासायला दिला. मी तीस, पंचेचाळीस, साठ अंश घालून ऐटीत कागद पुढे केला. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"अरे, तीसचा साइन तर नया बाजारातला पानवाला पण सांगेल! कुठला तरी बेढब आकडा घाल ना. चोरी तिथेच पकडली जाते."

सारा विभाग हसला. मी मनातून चरफडलो, पण त्या दिवसापासून त्यांचा शिष्य झालो.

साहेब यंत्राला यंत्राकडून तपासत नसत. टोक केलेली पेन्सिल घेऊन ते दहा-बारा अवघड जागी स्वतः हाताने उत्तर काढत. मग सारणीतल्या, म्हणजे उत्तरांच्या कोष्टकातल्या, लागोपाठच्या संख्यांची वजाबाकी, त्या वजाबाक्यांची पुन्हा वजाबाकी. एखादा आकडा चुकला असेल तर तिथे उडी दिसते. हे काम कंटाळवाणं असे, दोन-दोन दिवस खाई. माणसांच्या बाबतीतही त्यांची चिकाटी तशीच. मला टायफॉइड झाला तेव्हा त्यांच्या पत्नी सुमनकाकूंच्या हातची मऊ खिचडी घेऊन ते तीन आठवडे मुरारला माझ्या खोलीपर्यंत सायकलवर येत. डबा ठेवून, ताप विचारून लगेच निघत.

पुढे राज्याचे दोन तुकडे झाले आणि कचेऱ्यांची तोडजोड सुरू झाली. आमचा विभाग भोपाळच्या विभागात विलीन होणार, दोन्हीकडचे प्रोग्रॅम मिळून एकच होणार, आणि निम्मे लोक जादा ठरणार असं बोललं जाई. जुन्या प्रोग्रॅमच्या पोटातली लॉगची, म्हणजे लॉगरिथमची, सारणी नव्यात हाताने भरावी लागली. ती तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण काकूंचं ऑपरेशन होतं आणि साहेब इस्पितळात होते.

मी सोपी वाट धरली. संख्येचा लॉग काढायचा, त्या लॉगवरून परत संख्या काढायची. दर वेळी मूळ संख्याच मिळाली. मिळणारच होती, कारण जाताना आणि येताना प्रोग्रॅम त्याच सारणीत पाहत होता. तिथे आकडा चुकीचा असता तरी दोन्ही चुका एकमेकींना झाकून टाकत. साहेबांनी हे मला पूर्वी सांगितलं होतं: "ही चाचणी चापलूस आहे रे. जे आपण बोललो तेच परत बोलते."

साहेब इस्पितळातून तासाभरासाठी आले. डोळे लाल होते. "वजाबाक्या काढून बघितल्यास ना?" त्यांनी विचारलं.

मी "हो" म्हणालो. काढल्या नव्हत्या. त्यांनी माझ्या शब्दावर सही केली.

त्या सारणीत एका जागी दोन आकडे उलटे पडले होते. त्यावरून निघालेली पुराची पातळी एका गावासाठी वीतभर कमी आली, आणि तिथल्या पूरनिवाऱ्याचं जोतं तेवढंच खाली बांधलं गेलं. तिसऱ्या पावसाळ्यात लोक विश्वासाने त्या निवाऱ्यात जमले आणि पाणी आत शिरलं. एक म्हातारा आणि आठ वर्षांची एक मुलगी गेली.

साहेबांनी सारणी काढून वजाबाक्या मांडल्या. अर्धा तासही लागला नाही. "बघ, इथे उडी आहे," एवढंच म्हणाले. माझ्या त्या 'हो'बद्दल त्यांनी तेव्हा विचारलं नाही, आजवर विचारलेलं नाही.

विलीनीकरण अजून रेंगाळतच होतं. चौकशीत ते म्हणाले, "तपासणी माझी, सही माझी." मी त्याच खोलीत बसलो होतो. बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "तू परेशान होऊ नको. छाटणीत पहिलं नाव तुझं लागलं असतं." मला लाज वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं. फेररचनेत मी बढतीवर भोपाळला गेलो आणि साहेबांनी उरलेली नोकरी मुरारच्या एका दप्तरखान्यात जुन्या फायली लावत काढली.

गेल्या वर्षी त्यांच्या घरी गेलो होतो. साहेब आत झोपले होते. काकू पोहे पुढे ठेवून म्हणाल्या, "दर भादव्यात बस पकडून त्या गावी जातात. त्या बुडालेल्या मुलीची आई सगळ्यांना बोट करून दाखवते, 'येई हैं वो साहब, जिनके हिसाब में गलती थी.' हे मान खाली घालून ऐकतात आणि परत येतात. मी किती रोकलं! तुम्हीच समजवा ना त्यांना, तुमचं ऐकतील."

मी पोहे संपवले आणि निघून आलो.

साहेबांच्या पंचाहत्तरीच्या गौरवांकासाठी संपादकांनी माझ्याकडे त्यांच्या सचोटीची एखादी आठवण मागितली होती. माझ्याजवळ हीच आहे, आणि तिच्यातला एकही शब्द गाळू नये अशी विनंती आहे. साहेबांना हा लेख आवडणार नाही. ते कदाचित माझ्याशी बोलणारही नाहीत.

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या माझ्या गुरूंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे आणि डोळे शाबूत राहोत, काकूंची सोबत असो. आणि साहेब, या भादव्यात आपण घरीच थांबावं. त्या गावी मी जातो आहे. त्या बाईंना माझं नाव सांगायचं आहे.